कवळी-कारखान्यावरील गनिमाची स्वारी आणि आक्कांची तिसरी चूक

सकळगुणालंकरण, दंतपंक्तिधुरंधर, जबडेशाहीचे आधारस्तंभ मालकसाहेब यांचे हुजुरी विज्ञापना ऐसीजे. साहेबी आज्ञा केली की, अदृश्य गनिमाने आपले कवळ्यांच्या कारखान्यावर स्वारी केली, ती कैसी आली, कोणी अडविली, कोणी न अडविली आणि कोणी अडविली म्हणोन सांगितले, हे सर्व यथास्थित लिहोन ठेवावे, म्हणजे पुढील पिढीस दाखला राहील. त्यास आज्ञेप्रमाणे लिहिले आहे. लिहिणारास युद्धशास्त्र ठाऊक नाही आणि संगणकशास्त्र त्याहून ठाऊक नाही. परंतु ज्यांस ठाऊक होते त्यांची गत पुढे येतेच आहे, सबब संकोच थोडा कमी केला.

प्रथम कारखान्याचे वर्तमान. इमारत दोन मजली, खाली तळघर. तळघरात एकोणीस पायऱ्या उतरोन प्लास्टर घोटण्याचे यंत्र, मधल्या दालनात दात घासणारे व चकाकविणारे कारागीर, आणि खिडकीपाशी आवक टेबल. मनुष्ये मालकसाहेबांसुद्धा एकंदर बत्तीस. हा आकडा कोणी मुद्दाम जमविला नव्हता, परंतु मालकसाहेब पाहुण्यांस तो सांगत तेव्हा मुद्दाम जमविल्यासारखे हसत. शहरातील दंतवैद्यांनी रोग्याच्या तोंडाचे माप पाठवावे, आणि कारखान्याने त्याची कवळी करोन द्यावी, असा व्यवहार. अकरा हजार जबड्यांची मापे मोठ्या संगणकात दाखल होती. तो संगणक बंद पडेल त्या दिवशी निम्मे शहर बोळके होऊन बसेल, ही गोष्ट सर्वांस ठाऊक होती आणि म्हणोनच तिचा विचार कोणी करीत नसे.

आवक टेबलावर आक्का. बावीस वर्षे त्याच खुर्चीवर. फोन उचलला की नुसत्या खोकल्यावरून दंतवैद्य ओळखीत, आणि तातडीची मागणी आली तर हातचा चहा टाकोन आधी ती नोंदवीत, कारण पलीकडे कोणीतरी बिनदाती माणूस उपाशी बसला आहे, ऐसे त्यांचे म्हणणे. गुडघे मात्र दोन्ही फितूर झालेले. जिना चढणे परवडे, उतरणे परवडत नसे.

आता गनिमाचे वर्णन. हा गनीम पूर्वी अगदीच अडाणी होता. कोणा दूरदेशीच्या मयत सरदाराचे विधवेचे नावे खलिता पाठवी, की माझी दौलत सांभाळा. आणि त्यात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका असत की पॉलिशवाले मास्तर तो मोठ्याने वाचोन दालन हसवीत, आणि मग तो कचऱ्यात जाई. मग गनिमाने विद्या केली. पार्सल अडकले आहे, वीज तोडली जाईल, रजा नामंजूर झाली आहे, ऐसी पत्रे येऊ लागली, आणि त्यांची भाषा कारखान्याच्या पत्रांहून बरी झाली. मग खुद्द मालकसाहेबांचे नावे पत्रे सुटली. परंतु त्यांत 'कृपया' आणि 'आभारी आहे' असे शब्द असल्याने ती कोणास खरी वाटेनात, आणि कारखाना वाचला. तेवढ्यात शेजारच्या चष्म्यांच्या कारखान्यात गनीम शिरला, आणि तीन दिवस कोणास कोणता नंबर द्यावा हे कोणास कळेना, ही खबर आली. तेव्हा मालकसाहेबांची झोप उडाली, आणि मसलत बसली, आणि मसलतीत ठरले की एक जाणता किल्लेदार नेमावा.

येणेप्रमाणे अखंडसावधान, कूटशब्दशिरोमणी सुरक्षाधिकारी यांचे आगमन जाहले. तिसऱ्या दिवशी दालनाने त्यांस पासवर्डराव ही पदवी दिली, ती त्यांस कोणी कळविली नाही. त्यांनी दालनाच्या मधोमध काचेची खोली उभारविली. चारी बाजूंनी काच, कारण सुरक्षेच्या कामी पारदर्शकता पाहिजे, ऐसे त्यांचे फर्माविणे. आणि मग हुकूम सुटले. कूटशब्द सोळा अक्षरांचा असावा, आणि त्यात आकडा असावा, आणि चिन्ह असावे, आणि दर पंधरवड्यास बदलावा, आणि कोठेही लिहू नये. लोकांनी हुकूम शिरसावंद्य मानिला, आणि कूटशब्द चिठ्ठ्यांवर लिहोन कळफलकाखाली चिकटविले. मास्तरांनी आपला एका जुन्या प्लास्टरच्या जबड्यावर पेन्सिलीने लिहिला आणि तो जबडा खिडकीत ठेविला, की गनीम आलाच तर दाढेखाली वाकोन कोण पाहतो. मग हुकूम आला की दोन मिनिटे हात न लावल्यास पडदा आपोआप बंद होईल. तेव्हा प्लास्टरने माखलेले हात धुवोन, पुसोन, सोळा अक्षरे हाणीपर्यंत प्लास्टर वाळोन जाई, आणि ते खरवडीपर्यंत पडदा पुन्हा बंद होई. कारखाना इतका सुरक्षित झाला की कामही आत शिरेना.

यावरही किल्लेदाराचे समाधान जाहले नाही. त्यांनी सैन्याची परीक्षा मांडिली. आपणच गनिमाचे सोंग घेऊन लुटुपुटूची पत्रे सोडावी, जो भुलोन त्यावर बोट दाबील त्याचे नाव फलकावर तांबड्या शाईने लिहावे, आणि तिसऱ्या चुकीस त्याची खुर्ची तगीर करोन, संगणक जप्त करोन, त्यास तळघरी प्लास्टर घोटण्यास रवाना करावे, ऐसा हुकूम मालकसाहेबांचे सहीशिक्क्याने जारी केला.

पहिल्या महिन्यातच आक्का दोनदा पडल्या. एकदा रजेच्या पत्रावर, आणि एकदा 'रुग्णाची कवळी तुटली, तातडीने पाहावे' या पत्रावर. जी तत्परता बावीस वर्षे वाखाणिली, तीच आता गुन्हा ठरली. फलकावर त्यांचे नाव दोनदा चढले आणि येणारेजाणारे दंतवैद्याचे गडी ते वाचू लागले. आक्कांस त्या एकोणीस पायऱ्या दिसू लागल्या. पत्र उघडावे तर चूक, न उघडावे तर कोणी उपाशी. बोट कळफलकावर येई आणि परत जाई.

तेव्हा मास्तर त्यांचे टेबलापाशी आले आणि आवाज बारीक करोन बोलले.

"आक्का, तुम्ही पत्र कशाला वाचत बसता? माणूस वाचा."

"म्हणजे?"

"लुटुपुटूचं पत्र सोडलं ना, की तो काचेत उभा राहतो. गळाला मासा लागला का बघायला. खरं पत्र असलं की बसलेला असतो. दोन महिने बघतोय मी."

"अन् कधी उभा राहायला विसरला तर?"

"गळ टाकणारा माणूस पाण्याकडे बघायला विसरतो होय?"

ही गुप्त वार्ता एका दुपारी दालनभर फिरली, आणि त्या दिवसापासून कारखान्याची संरक्षणव्यवस्था परिपूर्ण जाहली. पत्र आले की एकतीस मुंड्या किंचित वर होत, किल्लेदार उभे दिसल्यास खाली होत, आणि कोणीही बोट लावीत नसे. पुढील तीन महिन्यांत चुकांचा आकडा शून्य. किल्लेदारांनी त्याचा आलेख काढिला, रेघ वरून उतरत उतरत जमिनीस लागलेली, आणि मालकसाहेबांनी तो चौकटीत बसवोन भिंतीवर लाविला, आणि आमचे सैन्य अजिंक्य आहे ऐसे पाहुण्यांस सांगू लागले. खोटे नव्हतेच. बसलेल्या किल्लेदारापुढे मात्र त्या सैन्याची परीक्षा कधी झाली नव्हती.

मग एके सोमवारी, सकाळी साडेअकराचे सुमारास, सर्वांस एक पत्र आले. मजकूर ऐसा की, सुरक्षित कार्यालयांच्या सन्मानासाठी आपल्या कार्यालयाची निवड झाली असून मानकऱ्यांची नावे पाहण्यासाठी येथे दाबावे. एकतीस मुंड्या वर जाहल्या. किल्लेदार बसलेले. नुसते बसलेले नव्हे, तर खुर्चीत पुढे सरोन, चष्मा कपाळावर चढवोन, स्वतःच पडद्यावर काही वाचोन गालात हसत होते. तेव्हा दालनाची खात्री पटली, आणि बोटे सुटली. आक्कांनीही काचेकडे पाहिले, दोनदा पाहिले, आणि दाबले.

क्षणमात्रात बत्तीस पडदे काळे पडले, आणि पांढऱ्या अक्षरांत खलिता उमटला की, तुमचे सर्व दफ्तर आम्ही कुलूपबंद केले आहे, किल्ली पाहिजे तर तीन दिवसांत खंडणी भरावी. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दालनातील सर्व हात थांबले; मास्तरांची पॉलिशची मोटार बंद करायची राहिली होती, तेवढीच घोंगावत होती. किल्लेदार काचेबाहेर धावत आले आणि इकडे न पाहता, तिकडे न पाहता, थेट खिडकीपाशी गेले.

"आक्का, काय केलंत तुम्ही?"

आक्कांनी कळफलकावरील बोट मागे घेतले. एकतीस जणांनी त्यांचेकडे पाहिले, आणि त्यांतल्या ज्यांनी ज्यांनी दाबले होते त्यांनी जरा अधिक निरखोन पाहिले.

मालकसाहेबांनी बाहेरून एक तपासनीसबाई कुमकेस बोलाविल्या. पाठीवर पिशवी आणि तोंडात मोजके शब्द, ऐसी मूर्ती. आल्या त्या पाणीही न पिता बोलल्या, "नक्कल कुठे ठेवता?" किल्लेदारांनी सांगितले की सर्व मापांची नक्कल रोज आपोआप एका पेटीत उतरते, पेटी जोडलेलीच आहे, चिंता नसावी. बाई म्हणाल्या, जोडलेली आहे म्हणोनच चिंता. पाहतात तो पेटी कपाटामागे बंद पडलेली, आणि तिची तार लोंबत असलेली. मास्तर पुढे जाहले.

"ती मीच काढली, बाई. नऊ दिवस झाले. माझ्या मोटारीला प्लग नव्हता. परत लावायची राहिलीच."

किल्लेदार दातओठ खाऊ लागले. परंतु तपासनीसबाई त्या दिवसात प्रथमच हसल्या.

"मास्तर, लावली असतीत तर हीपण गेली असती. तुमच्या विसरण्याला हात जोडते मी."

येणेप्रमाणे नऊ दिवसांपूर्वीपर्यंतची अकरा हजार तोंडे वाचली. पुढे अहवालात या गोष्टीस 'विलग नक्कल-धोरण' म्हणोन गौरविले गेले, आणि मास्तरांस ते आपणच केले हे कोणी समजावोन सांगेपर्यंत कळले नाही.

राहिले नऊ दिवस. त्या नऊ दिवसांचे एकशे चाळीस जबडे कोणाचे, कोणत्या वैद्याचे, दातांची छटा कोणती, याचा पत्ता नाही. तेव्हा आक्का उठल्या. सर्व साचे मेजांवर मांडविले, प्रत्येक उलटा केला, कारागिरांनी जुन्या सवयीने तळाशी पेन्सिलीने खरडलेली अर्धीमुर्धी अक्षरे वाचिली, आणि फोन लावू लागल्या. दोन दिवस दाताच्या कण्या केल्या. "डॉक्टर, तुमचे ते आजोबा, ज्यांची खालची बाजू जरा वाकडी, त्यांना पिवळसर छटा सांगितली होतीत की पांढरी?" ऐसे एकशे चाळीस वेळा. मंगळवारी संध्याकाळी शेवटचा जबडा धन्यास लागला, आणि खंडणीचा खलिता अनुत्तरित राहिला.

परंतु तपासनीसबाईंनी जाहीर केले होते की, कोणी कधी बोट दाबिले त्याची यादी निघाली असून उद्या सकाळी भर दरबारी वाचिली जाईल. मास्तरांनी मसलत दिली की सर्वांनी एकच जबाब द्यावा: हाताला प्लास्टर होते, बोट घसरले. आक्का चपला घालोन घरी निघाल्या.

घरी आक्का आणि त्यांची वडील नणंद, ऐसी दोनच माणसे. नणंदेची नवी कवळी त्या एकशे चाळिसांतच अडकलेली, सबब त्या आठवडाभर पातळ पेजेवर होत्या आणि कोणाशीही गोड बोलण्याचे मनःस्थितीत नव्हत्या.

"वन्सं, उद्या माझी खुर्ची जाणार."

"का गं? काय दिवे लावलेस?"

आक्कांनी सर्व सांगितले. लुटुपुटूची पत्रे, उभा किल्लेदार, बसलेला किल्लेदार, तिसरी चूक. नणंदेने पेजेचा चमचा खाली ठेविला.

"म्हणजे दारावर कोण आलंय ते बघायचं सोडून, तुम्ही सगळे पहारेकऱ्याचं ढुंगण खुर्चीला टेकलंय का ते बघत होतात?"

"शंका आली तर विचारणार कुणाला, वन्सं? विचारलं की म्हणतो, एवढंही कळत नाही का."

"हे बरंय. विचारलं की मूर्ख, न विचारलं की गुन्हेगार. मग लोक चोरून बघतील नाहीतर काय करतील?" आणि चमचा पुन्हा उचलोन त्या बोलल्या, "उद्या बोट घसरलं म्हणणार आहेस?"

"बोट घसरलं नव्हतं."

"मग झालं तर. खा आता. तुला दात आहेत."

बुधवारी सकाळी दरबार भरला. मालकसाहेब मध्ये, उजवे बाजूस आलेखाखाली किल्लेदार, डावे बाजूस तपासनीसबाई कागद घेऊन. यादी वाचण्यापूर्वीच आक्का उभ्या राहिल्या. गुडघ्यांनी आवाज केला.

"साहेब, मी दाबलं. हात घसरला नाही, मुद्दाम दाबलं. आणि का दाबलं तेही ऐका. हे साहेब बसलेले होते म्हणून दाबलं."

आणि मग त्यांनी तीन महिन्यांच्या शून्याचे रहस्य भर दरबारी उघडे केले. मास्तरांनी डोळे मिटले. किल्लेदारांनी वर आलेखाकडे पाहिले, त्याची जमिनीस लागलेली रेघ पाहिली, आणि त्यांचा चेहरा प्लास्टरसारखा जाहला. ओले असते तेव्हाचा नव्हे, वाळल्यावरचा.

मालकसाहेब कोपले. तिसरी चूक कबूल केली आहे, हुकूम तो हुकूम, आक्कांची खुर्ची या क्षणापासून तगीर, ऐसे त्यांनी फर्माविले, आणि बाकीचे गुन्हेगारही आजच तळघरी जातील म्हणोन यादी वाचण्यास सांगितले. तपासनीसबाईंनी वाचिले.

"अकरा अडतीस, काचेची खोली. गनीम इथूनच आत आला. अकरा एकोणचाळीस, मालकांची खोली."

"कोणाची?"

"तुमची, साहेब. एका मिनिटाने, दुसरं नाव. पुढे अजून एकोणीस नावं आहेत, आक्का शेवटच्या. वाचू?"

मालकसाहेबांनी पाणी मागविले. बाईंनी त्याच संथ आवाजात आणखी असे सांगितले की, जुन्या परीक्षांच्या नोंदी पाहता मालकसाहेब लुटुपुटूच्या पत्रांसही यापूर्वी चारदा भुलले आहेत, परंतु किल्लेदारांनी अदबीखातर ती नोंद फलकावर चढविली नाही. हुकुमाप्रमाणे हिशेब केल्यास मालकसाहेबांस तळघरी जाऊन अडीच महिने होत आले होते. दरबारात कोणी हसले नाही. मास्तर खोकले, ते बराच वेळ खोकले.

कायदा मोठा कडक होता, परंतु धन्याचे नाव यादीत येताच त्याची सर्व हाडे मऊ जाहली. मालकसाहेबांनी पाणी पिऊन, घसा साफ करोन, आक्कांस विचारिले की मग तुमचे मते करावे तरी काय.

"मला यातलं काही कळत नाही, साहेब," आक्का बोलल्या. "पण शंका आली तर विचारायला एक माणूस द्या. आणि विचारल्यावर हसायचं नाही, एवढं लिहून द्या."

तेव्हा जुना हुकूम रद्द जाहला, फलक पुसला, आलेख उतरविला, आक्कांची खुर्ची खिडकीपाशी बहाल जाहली, आणि नवा हुकूम निघाला तो ऐसा: ज्याचे नावे पत्र अथवा फोन येईल, त्यालाच उठोन जाऊन अथवा ओळखीच्या नंबरावर विचारावे की हे तुम्ही पाठविले काय, चुकोन बोट दाबल्यास लपवू नये, त्याच क्षणी ओरडावे, सजा नाही, विचारणारास कोणी हसू नये, मालकानेही नाही. किल्लेदारांनी काचेबाहेर खुर्ची टाकोन बसावे आणि उत्तरे द्यावी. पहिल्या दिवशी त्यांस त्रेपन्न प्रश्न आले, त्यांत मास्तरांचा एक होता की भिंतीवरचे घड्याळ खरे आहे काय. किल्लेदार हसले नाहीत. उठोन घड्याळ तपासले. चार मिनिटे मागे होते.

गनिमास खंडणी न मिळाल्याने तो स्वस्थ बसणार नव्हताच. महिन्याभराने, दुपारी तीन वाजोन दहा मिनिटांनी, आक्कांचा फोन वाजला. पलीकडे मालकसाहेबांचा आवाज. तोच घोगरेपणा, तीच घाई, 'कृपया' नाही, 'आभारी' नाही. गनिमाने मागील मोहिमेतील उणीव भरोन काढिली होती.

"आक्का, मी बोलतोय. बाहेर आहे, घाईत आहे. नव्या संगणकाचा पासवर्ड सांगा लवकर, एक पेशंट अडकलाय."

आक्कांचे बोट जुन्या सवयीने हलले. एक पेशंट अडकला होता. मग त्यांनी फोन टेबलावर ठेविला, चहा ठेविला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर टेकोन उठल्या, आणि दालन ओलांडोन बत्तीस पावले चालोन मालकसाहेबांचे खोलीत गेल्या. मालकसाहेब मेणाचा जबडा उजेडात धरोन पाहत बसले होते.

"साहेब, तुम्ही आत्ता मला फोन केलात?"

"नाही."

"बरं."

आक्का बत्तीस पावले परत आल्या. मास्तर, किल्लेदार आणि सर्व दालन मान वर करोन पाहत होते, या खेपेस त्यांचेकडे. आक्कांनी फोन कानास लाविला.

"हॅलो. साहेबांना विचारून आले. साहेब नाही म्हणाले."

पलीकडून मालकसाहेबांचेच आवाजात, गोंधळोन, प्रश्न आला:

"कोण साहेब?"

येणेप्रमाणे गनिमाचा मोड होऊन त्याने फोन ठेविला आणि पळ काढिला. आमचेकडील नुकसान, आक्कांचा चहा निवाला. गनिमाकडील नुकसान, एक आवाज कामातून गेला. किल्ला राखिला तो दोन अक्षरांनी, आणि ती अक्षरे आणण्यास चौसष्ट पावले लागली. घडले तैसे लिहिले. यात कोणास कोठे शंका येईल, त्याने मनात न ठेवता लिहिणाराकडे उठोन यावे आणि विचारावे; येथे कोणी हसणार नाही.